पक्षी सप्ताहाच्या आधीचे दोन महिने: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा करायचे राज्याने २०२० साली ठरवले, त्याचा आम्हा पक्षीनिरीक्षकांना मनापासून आनंद झाला. पण हा सप्ताह उजाडतो तोवर कितीतरी स्थलांतरित पाहुणे पक्षी येऊन स्थिरावलेले असतात आणि काही तर पुढे निघूनही गेलेले असतात. भोरड्यांचे थवे पावसाळा सरायच्या आतच दिसू लागतात. मग बांधावर शेपटी हलवणारा धोबी, काठाच्या चिखलात तुतवार, माळावर भोवत्या. माझी विनंती या आधीच्या दिवसांत पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याच्या कामासाठी, म्हणजे रिंगिंगसाठी, आहे.

दुर्बिणीने आम्ही पक्षी मोजतो, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी करतो. कुठे, केव्हा, किती, हे त्यातून कळते. परंतु यंदा बांधावर आलेला धोबी गेल्या वर्षीचाच आहे का, तो किती वर्षे जगला, निघताना अंगावर पुरेशी चरबी होती का, हे दुर्बिणीतून कळत नाही. बोरू वटवट्यांचेच पाहा. बाल्टिकपासून सायबेरियापर्यंत वीण करणारा ब्लिथचा बोरू वटवट्या आपल्या झुडपांत हिवाळा काढतो. वजन दहा-बारा ग्रॅम, रंग मातकट, आणि त्याच्यासारखे दिसणारे इतरही आहेत. जाळीत पकडून हातात घेतला आणि पंखातल्या पिसांची लांबी ताडली की ओळख पटते. मग पायात क्रमांकाची हलकी कडी घालायची, वजन-माप टिपायचे आणि लगेच सोडून द्यायचे. डेन्मार्कमधले शिक्षक मॉर्टेन्सन यांनी १८९९ साली ही पद्धत रुजवली. आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) १९२७ पासून ती भारतात चालवली.

अशा खुणा माणसांनाही बदलतात, असे मला वाटते. नागालँडमध्ये २०१२ साली अमूर ससाण्यांची प्रचंड शिकार उघडकीस आली. गावकऱ्यांनी पुढच्याच वर्षी ती थांबवली. त्याच २०१३ च्या नोव्हेंबरात काही ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले आणि त्यांतल्या एकाला पांगती या गावाचेच नाव दिले. आपल्या गावचा पक्षी अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचला, ही बातमी तिथल्या लोकांना कळली. आपल्या जलाशयांवरच्या मच्छीमारांना असे काही कधी कळेल?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम १२ खाली संशोधनासाठी परवाना मिळतो. अनुसूची १ मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्राण्यांसाठी केंद्राची पूर्वपरवानगी लागते, पण बाकीच्यांसाठी ती राज्य सरकारचीच असते. म्हणजे बराचसा निर्णय आपल्या हाती आहे. मान्यताप्राप्त संस्थांना हा परवाना काही वर्षांसाठी एकत्रित द्यावा आणि पक्षी येण्याआधी, ऑगस्टपर्यंत, तो हाती पडावा. एकाच हंगामाच्या रिंगिंगला फारसा अर्थ नसतो. त्याच जागी, त्याच जाळ्या, वर्षामागून वर्षे लावल्या तरच काही हाती लागते.

अशी कायमची केंद्रे निदान दोन तरी हवीत. एक नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला, कारण राज्यातले ते पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. दुसरे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर. माळराने आपण अजूनही पडीक समजतो, म्हणून माझा आग्रह नान्नजसाठी अधिक आहे.

एका बाबतीत मात्र सवलत नको. जाळी लावणारा हात शिकलेलाच असला पाहिजे. जाळी वारंवार तपासली नाही, उन्हात किंवा पावसात पक्षी अडकून राहिला, तर तो मरतो. छायाचित्रासाठी पक्षी हातात धरून ठेवणाऱ्यांना या कामात शिरकाव नको. त्याऐवजी वनरक्षक आणि स्थानिक तरुण यांना अनुभवी रिंगरांच्या हाताखाली पूर्ण हंगामभर शिकू द्यावे व त्याचे मानधन मिळावे.

आणि जलाशयाकाठच्या प्रत्येक गावात एक मराठी फलक असावा: पक्ष्याच्या पायात कडी दिसली, तर क्रमांक कुठे कळवायचा. त्याला फार खर्च येणार नाही. या हंगामापासूनच तो लावता येईल.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक