वय झालं म्हणून सोडून देऊ नका, थायरॉइड तपासा

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या आरोग्य पुरवणीत थायरॉइडवर लेख आला, बरं वाटलं, पण सगळा भर वजन वाढण्यावर होता आणि त्यात वयस्कर माणसं सुटून जातात. साठीच्या पुढे वजन वाढेलच असं काही नाही. तिथे कसं होतं, थायरॉइड कमी पडला की माणूस दिवसभर पडून असतो, सगळ्यांना उकडत असताना त्याला पांघरूण लागतं, पोट साफ होत नाही, आवाज घोगरा होतो, साधी गोष्ट आठवायला वेळ लागतो. आणि हे सगळं इतकं हळूहळू येतं की घरातले म्हणतात वय झालं आता. माझ्या सासूबाईंचं हेच झालं, आधी विसरभोळेपणा समजलो, मग डिप्रेशन, शेवटी कोलेस्टेरॉल का वाढलं हे शोधताना डॉक्टरांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगितली तेव्हा कळलं. थायरॉइड कमी पडला की कोलेस्टेरॉल वाढतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

रिपोर्ट वाचतानाही गोंधळ होतो. टीएसएच जास्त आला की लोक म्हणतात थायरॉइड वाढलाय, पण असतं उलट! टीएसएच मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो, थायरॉइड ढिला पडला की त्याला कामाला लावायला ती जास्त टीएसएच सोडते. म्हणून सोबत फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइड स्वतः बनवतो तो हार्मोन, बघायलाच हवा. क्वचित पिट्युटरीच बिघडलेली असते, तेव्हा टीएसएच नॉर्मल दिसतो आणि टी-फोर मात्र कमी, म्हणजे नुसत्या टीएसएचवर विसंबलं तर आजार हातातून निसटतो.

दुसरी बाजूही सांगते. टी-फोर नॉर्मल आणि टीएसएच जरासा वर असेल तर एका रिपोर्टवर जन्माची गोळी लावून घेऊ नका, असं बऱ्याचदा आपोआप खाली येतं आणि वयाबरोबर हा आकडा थोडा चढतोही, म्हणून 2-3 महिन्यांनी परत टेस्ट करतात. गरोदर बाईचं वेगळं, तिथे थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या आधीच सांगा, त्याने आकडे चुकतात, टीएसएच खोटाच कमी येऊ शकतो.

पुढच्या पुरवणीत वयस्करांच्या थायरॉइडवर एखाद्या डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्या ही कळकळीची विनंती.

तुमची एक नियमित वाचक