डब्याच्या वेळच्या गुरुजींचे आभार

डबा खाता खाता आम्हाला आपापल्या प्रांतांतल्या लग्नांच्या रीती शिकवणाऱ्या ऑफिसातल्या मंडळींचे मनापासून आभार. नावं नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही.

तमिळ ताळीच्या, म्हणजे त्यांच्या मंगळसूत्राच्या, हळद लावलेल्या दोऱ्याला तीन गाठी: पहिली नवऱ्याची, उरलेल्या दोन बहुधा त्याच्या बहिणीच्या. ‘गेट्टी मेळम्’ (जोरात वाजवा!) म्हणताच नादस्वरम्-तविल, म्हणजे त्यांचे सनई-ढोल, कडाडतात, अशुभ शब्द कानी पडू नये म्हणून. अक्षता तेव्हा टाकायला मुठीत तयारच हव्यात.

बंगाली नवरीला पाटावर बसवून नवऱ्याभोवती सात वेळा फिरवतात. तिचे दोन्ही हात चेहऱ्यावरच्या विड्याच्या पानांत गुंतलेले. पाट कलता धरला की तोल गेलाच. पानं हटतात ती शुभदृष्टीला, म्हणजे नवरानवरीच्या नजरभेटीला. आपला अंतरपाटच, फक्त हिरवा! आणि नवऱ्याचा टोपोर, म्हणजे उंच मुकुट, शोला या वनस्पतीच्या भेंडाचा, हलका नि ठिसूळ. बॅगेत कोंबू नये.