लाँगआर्म मशीनची टीप एकाच दिशेने बिघडते: वॉरंटीतील दुरुस्तीसाठी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लाँगआर्म क्विल्टिंग मशीनच्या हुकाची (सुईखाली वरचा दोरा पकडणारा फिरता भाग) प्रत्यक्ष तपासणी व वॉरंटीत दुरुस्ती करून मिळणेबाबत.

महोदय,

मी सातारा येथे गोधड्या शिवून देण्याचा व्यवसाय करते. हाताने टाके घालताना एका मोठ्या गोधडीला महिना लागत असे, म्हणून कर्ज काढून मार्च महिन्यात आपल्याकडून 18 इंच पल्ल्याचे लाँगआर्म मशीन 10 फुटी फ्रेमसह घेतले; यात गोधडी फ्रेमवर ताणलेली राहते आणि मशीनचे डोके तिच्यावरून फिरवायचे असते. पहिले चार महिने त्याने उत्तम काम दिले, हे आधी नमूद करते.

जुलैपासून टीप बिघडली आहे. मशीनचे डोके डावीकडून उजवीकडे नेले की टीप दोन्ही बाजूंनी सारखी पडते. तेच उजवीकडून डावीकडे आणले की मधूनच एखादा टाका सुटतो आणि वळणावर गोधडीच्या पाठीला वरच्या दोऱ्याचे बारीक फास राहतात. खात्री करण्यासाठी वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून पाहिला, तेव्हा पाठीवर पांढरा दोरा तारेसारखा सरळ पडलेला आणि वळणाच्या आतल्या अंगाला पापणीच्या केसांसारखे लाल दोरे ओढले गेलेले स्पष्ट दिसले.

मी तीन वेळा फोन केला आणि आपल्या केंद्राकडून तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले, की वरचे टेन्शन (दोऱ्याचा ताण) घट्ट करा. फास पाठीवर येतात तेव्हा वरचा दोरा सैल किंवा खालचा फार घट्ट असतो, हे मलाही ठाऊक आहे आणि पहिल्या दिवशी मी तेच केले. परंतु नॉब जितका फिरवावा तितकी उजवीकडे जाणारी चांगली टीप बिघडते, तिच्यावर खालच्या दोऱ्याचे पांढरे ठिपके वर येतात आणि शेवटी वरचा दोरा तुटतो; डावीकडे येणारी टीप मात्र सुधारत नाही. दोरा दाबून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांना डोके कोणत्या दिशेला चालले आहे हे कळत नाही. त्यामुळे दोष केवळ टेन्शनचा असता, तर तो दोन्ही दिशांना दिसायला हवा होता, एवढी साधी गोष्ट फोनवर ऐकूनही घेतली गेली नाही, याचे मला वाईट वाटते.

आपण सांगण्याआधीच मी जे तपासता येते ते सर्व तपासले आहे. दोरा काढून पुन्हा ओवला आणि तो चकत्यांच्या मध्ये नीट बसल्याची खात्री केली, चकत्यांमधील कचरा साफ केला, बॉबिन केसच्या (खालच्या दोऱ्याची रीळ बसते ती डबी) पट्टीखाली अडकलेला कापसाचा बारीक तंतू काढला आणि खालच्या दोऱ्याचा ताण मापकावर सुमारे 200 ला आणला. सुई चार वेळा बदलली. आधी 100/16, नंतर जाड म्हणून 110/18 लावून पाहिली, आणि प्रत्येक वेळी तिची खाच हुकाच्या बाजूला आहे ना हे भिंग लावून पाहिले. कापड रोलरवर ढोलासारखे ताणले तरी असा त्रास होतो, म्हणून खालून बोटाने चिमटीत धरता येईल इतके सैल केले. फरक पडला नाही. तोच दोरा, तीच बॉबिन आणि त्याच जाडीची सुई माझ्या एका व्यवसायभगिनीच्या लाँगआर्मवर लावल्यावर टीप दोन्ही दिशांना स्वच्छ आली.

त्यानंतर मशीन बंद करून मी नायलॉनचा जुना मोजा हुकाच्या टोकावरून तीन वेळा हळूच फिरवला. तिन्ही वेळा तो एकाच जागी अडकला आणि त्याचा धागा उसवला; तिथे नखालाही बारीक खरखर लागते. सुई खालून वर येऊ लागते तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा जो छोटा फुगा होतो, तो हुकाच्या टोकाने त्याच क्षणी उचलून बॉबिन केसभोवती अडथळ्याविना फिरवून सोडायचा असतो. टोकाला ओरखडा असेल तर दोरा तिथे रेंगाळतो, आणि टायमिंग (सुई व हुक यांच्या हालचालीची वेळेची जुळणी) किंचित सरकले असेल तर डोके एका दिशेला ओढले जाताना सुई जी थोडी वाकते, तेवढ्यानेही टाका सुटू शकतो. माझ्या समजुतीप्रमाणे येथे या दोन्ही गोष्टी आहेत. टायमिंगला मी हात लावलेला नाही, कारण तसे केल्यास वॉरंटी संपते असे आपल्याच पुस्तिकेत लिहिले आहे.

शेवटच्या फोनवर मला हेही सांगण्यात आले, की जुन्या साड्यांचे थर या मशीनसाठी योग्य नाहीत. नवीन सुती कापड आणि त्यात साधी पॉलिएस्टर वॅडिंग घालून केलेल्या नमुन्यावरही हाच दोष आहे, आणि तो नमुना मी सोबत पाठवत आहे. साड्यांबद्दल एक सांगते. ऑगस्टमध्ये एका ताईंनी त्यांच्या आजीची नऊवारी आणून दिली होती. पाठीवरचे फास पाहून मला दोन हात लांबीची टीप उसवावी लागली, आणि इतके विरलेले सूत उसवल्यावर सुईची भोके मिटत नाहीत. ती ओळ मी हाताच्या टाक्यांनी झाकली. मजुरी अर्थातच घेतली नाही. नवे कापड वाया गेले तर दुसरे आणता येते, ती साडी परत आणता येणार नाही.

तरी विनंती, की आपल्या तंत्रज्ञांना 15 दिवसांच्या आत पाठवून हुक बदलून द्यावा, सुई व हुक यांचे अंतर आणि टायमिंग माझ्यासमोर जुळवावे आणि दोन्ही दिशांना वळणदार टीप मारून दाखवावी. मशीन व्यवसायासाठी घेतले असल्याने मी ग्राहक ठरत नाही, असे आपल्या प्रतिनिधींनी सुचवले होते; मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधून वगळलेली नाही. जिल्हा आयोगाकडे जाण्याची माझी इच्छा नाही. मला मशीन चालू हवे आहे, कारण पाच गोधड्या फ्रेमची वाट पाहत आहेत.

सोबत : खरेदीची पावती व वॉरंटीपत्राची प्रत, लाल-पांढऱ्या दोऱ्याचे दोन नमुने (दिशा खडूने दाखवल्या आहेत), उसवलेला मोजा.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, सातारा