सूचना : सीएसव्ही फाइल वाचता-लिहिताना

सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी आपापला कोड घेऊन भेटणार आहोत, त्याआधी एक कळकळीची विनंती. सीएसव्ही म्हणजे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल. ती ओळ स्वल्पविरामावर तोडून वाचू नका. परवा चादरींच्या ऑर्डरची एक फाइल माझ्याकडे आली. पत्ता होता "दत्त चौक, सोलापूर", अवतरणचिन्हांत नीट बंद केलेला, म्हणजे आतला स्वल्पविराम मजकुराचाच भाग. कोडने स्वल्पविराम दिसताच तोडलं. 'सोलापूर' नगांच्या रकान्यात जाऊन बसलं आणि पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकले. एररही आली नाही, हे सगळ्यात वाईट.

पायथॉनमध्ये सीएसव्ही मॉड्यूल आयतं आहे, तेच वापरा. फाइल उघडताना 'न्यूलाइन' या पॅरामीटरला रिकामी स्ट्रिंग द्या. नाहीतर विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये दर ओळीनंतर एक कोरी ओळ येते. मजकुरातच अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहायचं, असं २००५ च्या आरएफसी ४१८० मध्ये (सीएसव्हीचं स्वरूप सांगणाऱ्या दस्तऐवजात) आहे. मॉड्यूल ते आपोआप करतं.

पांडाज (पायथॉनची तक्ते हाताळायची लायब्ररी) वापरणाऱ्यांनी फोनचा रकाना स्ट्रिंग म्हणूनच वाचावा. आपला सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७. आकडा म्हणून वाचला की २१७ उरतो. गेलेलं शून्य नंतर अंदाजाने लावू नका, मूळ फाइल पुन्हा वाचा.

एक्सेलमध्ये मराठी नावं वेडीवाकडी दिसत असतील, तर 'यूटीएफ-८-सिग' एन्कोडिंग (फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण घालणारं) देऊन फाइल लिहा.

आणि हो, नमुन्याची फाइल आणताना ग्राहकांची नावं, नंबर आधी काढून टाका.