मावशी, तुम्ही झोपला नाहीत

आदरणीय मावशी,

सलाम.

नातवाला जवळ बसवून हे पत्र मोबाइलवरून वाचून घ्या. चारचौघांत तुमचं नाव घेतलेलं तुम्हाला खपत नाही, म्हणून घेत नाही. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही, मूल, नागभीड, ब्रह्मपुरीकडच्या जंगलाला लागलेल्या गावांत माझ्यासारख्या दाराला कडी लावून बसलेल्या बाया पुष्कळ आहेत. त्यातल्या काही आपल्या ख्रिस्ती लोकांतल्या, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पुढच्या सतरंजीवर बसणाऱ्याही आहेत. त्यांनीही हे वाचावं.

मोह वेचायला गेलेल्या माझ्या चुलतसासूला वाघानं मारलं, ते तुम्ही पाहिलंच आहे. त्यावर इथे लिहीत नाही. नागपूर-पुण्याचे पाहुणे विचारतात, मग जंगलात जाताच कशाला? त्यांना काय सांगायचं! धान एकदाच होतो. मार्च-एप्रिलात मोह आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, एवढाच काय तो पावसाळ्याआधी हातात येणारा रोकडा पैसा. सत्तर पानांचा एक पुडा. असे पुडे बांधून फळीवर, म्हणजे पानं विकत घेणाऱ्या केंद्रावर, नेले की जूनमधल्या बियाण्याची आणि पोरांच्या वह्यापुस्तकांची सोय होते. ताडोबात लोक पैसे मोजून वाघ पाहायला येतात. आम्हाला तो फुकट दिसतो, आणि तोही कोणत्या वेळी दिसेल ते सांगून येत नाही.

पण माझी भीती जंगलापुरती राहिली नव्हती. रात्री लघवीला घरामागे जाणं बंद झालं. कुत्रं भुंकलं की छातीत धडधड सुरू व्हायची, हातपाय मुंग्या आल्यासारखे व्हायचे. पोरगी सायकलनं शाळेत निघाली की ती परत येईपर्यंत मी चूलसुद्धा पेटवत नव्हते. त्यात एका सभेला बाहेरून आलेल्या उपदेशकांनी माझ्याकडे बघत सांगितलं की भीती म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे पाप. झालं! आधी नुसती भीती होती, आता तिच्या डोक्यावर लाजही बसली. देवळात जाणंही मी टाळू लागले.

त्याच आठवड्यात तुम्ही डबा घेऊन आलात. भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. मला वाटलं, आता ह्याही समजावणार. तुम्ही ताट वाढलं, मी जेवेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत आणि मग शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढलीत, पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा पराक्रम केलेला माणूस ईजबेल राणीच्या एका निरोपानं जीव घेऊन रानात पळतो आणि झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, मला मरू दे. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "पाय बाई, देवानं त्याले रागावलं काय? निखाऱ्यावरची भाकर देली, पानी देलं, निजू देलं, अन् उठवून पुन्हा जेऊ घातलं. वाट लांब हाये म्हने." इतक्या वर्षांत हा अध्याय मी कितीदा ऐकला असेल, पण जेवणाकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं.

त्या रात्री तुम्ही घरी गेलाच नाहीत. मी म्हटलं, मावशी, प्रभू संगं आहे हे मला पाठ आहे, तरी भेव जात नाही. तुम्ही मला गेथशेमाने बागेत नेलंत. तिथे येशू स्वतः व्याकूळ झाला होता, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. आणि पेत्र, याकोब, योहान ह्या तीन शिष्यांना त्यानं मुद्दाम सोबत नेलं, माझ्याबरोबर जागे राहा म्हणून विनवलं. "देवाचा पोरगा असून त्याले सोबत पायजे होती," तुम्ही म्हणालात, "ते तिघं झोपून गेले. मी नाही झोपत. तू नीज."

आणि खरंच झोपला नाहीत. मधेच मला जाग आली तेव्हा तुम्ही खाटेवर बसून हळू आवाजात भजन गुणगुणत होतात. पुढेही कित्येक रात्री हेच. ह्या वयात, गुडघे दुखत असताना. त्याबद्दल आभार कसे मानायचे, मला अजून जमलेलं नाही.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांकडे मला तुम्हीच नेलंत. झोपेची, घबराटीची गोळी घ्यायला मी लाजत होते, तर म्हणालात, मोतीबिंदूला डॉक्टर चालतो अन् जिवाच्या घोराला चालत नाही काय? आपल्या लोकांत हे उघड बोललं जात नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

जरा बरं वाटल्यावर मी दुसऱ्याच टोकाला गेले. प्रार्थना करते आणि एकटीच मोहाखाली जाते, माझा विश्वास सगळ्यांना दिसू दे, असं म्हणाले. तेव्हा मात्र तुम्ही रागावलात. सैतानानं येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करून उडी मार, देवदूत झेलतील असं म्हटलं, तेव्हा तो काय म्हणाला, हे मला मोठ्यानं वाचायला लावलंत. परमेश्वराची परीक्षा पाहू नको. "वाघाच्या तोंडात हात घालून देवाले पाह्यतं काय?"

मग तुम्ही दारोदार फिरून बायांचा जथा जमवलात. दिवस वर आल्याशिवाय निघायचं नाही. खूप वेळ वाकून बसायचं नाही, कारण वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. वेचताना एकीनं उभं राहून चौफेर बघायचं. आणि तोंड बंद ठेवायचं नाही. आपल्या दोन घरच्या बाया भजन म्हणायच्या, बौद्ध पुऱ्यातल्या भीमगीत म्हणायच्या. गोंडांची म्हातारी वाघोबाच्या ठाण्यापाशी हात जोडायला थांबली की तुम्ही सगळ्यांना थांबवायच्या. कोणी कुरकुर केली तर म्हणायच्या, तिले मागे एकटी सोडून जाशीन काय? पहिल्या दिवशी माझे पाय लटपटत होते आणि टोपली निम्मीही भरली नाही, तरी मी गेले होते.

मे 2025 मध्ये आपल्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीनं मारल्या. त्याही एकट्यादुकट्या नव्हत्या. ती बातमी आली तेव्हा तुम्ही नागपूरला मुलाकडे राहायला गेला होतात. मी फोन लावला आणि रागानंच विचारलं, मग जथ्याचा काय उपयोग, प्रार्थनेचा काय उपयोग? फोनवर तुम्ही रडत होतात. ह्याचं उत्तर माझ्याजवळ नाही, म्हणालात, आणि त्या तीन घरांसाठी, त्यांच्या लेकरांसाठी प्रार्थना केलीत. आपलं कसं रक्षण झालं, हे एका शब्दानंही बोलला नाहीत. दुसऱ्या कोणी त्या दिवशी मला, देवानं आपल्याला कसं वाचवलं, अशी साक्ष ऐकवली असती तर माझा विश्वास बहुतेक तिथेच संपला असता. तो आठवडाभर जथ्यातलं कोणीच निघालं नाही.

आता वाघ कमी झाला नाही आणि माझं भेवही पूर्ण गेलेलं नाही. गोळी बंद झाली आहे. पोरगी अकरावीला आहे, सायकलनंच जाते, आणि मी वेळेवर चूल पेटवते. खालच्या आळीतल्या एका नव्या सुनेचं माझ्यासारखंच झालं आहे. तिच्याकडे मी जाते, डबा घेऊन. तुमच्यासारखं वरण मला जमत नाही, ती बिचारी खाते.

नातवाजवळ एचएमटी वाणाचे नवे तांदूळ पाठवते आहे, थोडे जुने होऊ द्या मग रांधा. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा. तुम्ही सांगणार नाही, पण ऑपरेशनला तुम्ही घाबरता हे सूनबाईनं मला सांगितलं आहे. कापणी चालू असली तरी मी येते, आणि रात्री दवाखान्यात मीच थांबणार आहे.

तुमची,
मोहाच्या जथ्यातली