तुले बटनं कोन दाखवते?

सक्करदरा, नागपूर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, दादा हे पत्र छापून देईल, ते मोठ्यानं वाचा. आई ओट्याजवळ असली तर तिला बोलावून घ्या, कारण यातलं बरंचसं तिच्यासाठी आहे.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "दिवसभर कम्प्युटरवर बसते म्हनते, मंग तुले बटनं कोन दाखवते वं?" मी "कोणीच नाही" म्हटलं आणि तू गप्प झालीस. मग बाबांनी विहिरीच्या पाण्याचा विषय काढला. तुमचं ते गप्प होणं मला ओळखू येतं. आपल्या जिवाला घोर नको म्हणून पोरगी खोटं बोलते, असं तुला वाटलं. तसं नाही गं. म्हणून आज सगळं नीट सांगते.

माझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे. मी कोणती कळ दाबली, पडद्यावर कुठे पोचले, तिथे काय लिहिलंय, हे तो बोलून सांगतो, मराठी मजकूर असला तर मराठीतही. माउसला मी हात लावत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करननं २००६ मध्ये तो लिहायला घेतला, मग त्याचा मित्र जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. दोघंही पूर्ण अंध, माझ्यासारखेच. आणि बाबा, त्या दोघांची पहिली भेट लहानपणी एका संगीत शिबिरात झाली होती! तो प्रोग्राम त्यांनी सगळ्या जगाला फुकट दिलाय. मी कॉलेजात असताना विकतच्या एका स्क्रीन रीडरची किंमत ऐकून तुम्ही संत्र्याचा मृगाचा बहार व्यापाऱ्याला आगाऊ द्यायला निघाला होता, आठवतं? तो सौदा टळला तो या दोघांमुळे. त्यांची नावं मी विसरायची नाही.

गाणं रेकॉर्ड करायचं, कापायचं-जुळवायचं काम मी रीपर नावाच्या प्रोग्राममध्ये करते. ६० दिवस तो पूर्णपणे वापरून बघता येतो, नंतर माझ्यासारख्या छोटं काम करणाऱ्यांना ६० डॉलरला परवाना मिळतो. पण नुसता रीपर माझ्याशी फारसं बोलत नाही. त्याला बोलतं करणारी एक जोडणी आहे, तीही फुकट, आणि तिच्यामागेही तोच जेम्स टेह. तिचं नाव ओसारा. खरं तर ती इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काटोलच्या घरचा ओसाराच आठवला, आणि अजूनही तोच आठवतो.

खालीवर बाण दाबत मी एकेका ट्रॅकवर जाते. पेटी, तबला, टाळ, बुवा, अशी नावं मीच दिलेली असतात, ती मला ऐकू येतात. स्पेस दाबलं की वाजतं. एस दाबलं की थांबले असेन तिथे कापलं जातं. आवाज ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला तर डेसिबलचा आकडा ऐकू येतो. डोळस माणूस पट्टी हिरवी आहे की लाल ते बघतो, मी आकडा ऐकते. एनव्हीडीएचं बोलणं लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरवर आणि गाणं हेडफोनवर, अशी वाटणी केली आहे. एक कान थोडा मोकळा ठेवते. ते बोलणं मी इतकं भरभर लावलंय की घरमालकीणकाकूंना पहिल्यांदा वाटलं, यंत्र बिघडलं.

बाबा, तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या सांगता ना, "मोटर हवा ओढून राहिली"? विहीर दोन धुरे पलीकडे, तरी तुम्हाला कळतं. माझं कामही तसंच आहे.

गेल्या पंधरवड्यात एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलं. नागपूरचा मे, पारा ४५ च्या घरात, नऊ माणसं एका खोलीत, आणि मी कूलर बंद करायला लावला. बिचाऱ्यांनी दोन अभंग सोसले. तिसऱ्याला कुणीतरी शेजारच्या खोलीतला कूलर हळूच लावला. मला ते लगेच कळलं, पण बुवा इतके रंगले होते की थांबवायचं माझ्या जिवावर आलं. घरी येऊन तो अभंग ऑडॅसिटी नावाच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये घेतला. गाणं सुरू व्हायच्या आधी दोनेक सेकंद नुसतीच घरघर होती. तेवढा तुकडा निवडून प्रोग्रामला सांगायचं की हा गोंगाट ओळखून ठेव, मग सगळा अभंग निवडून तेवढंच वजा करायचं. पण हे फार केलं की गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं. मी पाच-सहा वेळा करून बघितलं, पुन्हा मागे आले, आणि शेवटी थोडी घरघर राहू दिली. टाळ सुरू झाल्यावर ती जाणवतही नाही. बुवांचा खोकला मात्र पूर्ण काढला. त्याच्या आधीचा श्वास ठेवला, तो काढला असता तर पुढची ओळ अंगावर आल्यासारखी वाटली असती. हे करताना माझ्याशेजारी कुणीही नव्हतं, आई.

आता एक खरं सांगते, नाहीतर तुला "कोणीच नाही" म्हटलेलं अर्धंच खरं ठरेल. मागच्या महिन्यात एक रात्र अशी आली की मला बटण दाखवायला माणूस लागलं. घुमारा देणारा एक प्लगइन, म्हणजे रीपरला जोडायचा छोटा प्रोग्राम, मी पैसे मोजून घेतला होता. त्याचा अपडेट आला आणि परवान्याची खिडकी नुसतं चित्र होऊन बसली. बटणाला नाव दिलेलं असेल तरच स्क्रीन रीडर ते वाचू शकतो. इथे नुसतं "बटण, बटण, बटण". सकाळी काम द्यायचं होतं. अकरा वाजता वर जाऊन काकूंच्या नातवाला उठवलं. त्यानं डोळे चोळत एक जागा दाखवली, एक टिचकी मारली, झालं. एवढ्यासाठी झोपलेल्या पोराला उठवायला लागलं, याचा मला फार राग आला. कंपनीला लिहिलं की एकेका बटणाला नाव द्या, एवढंच मागते. उत्तर नाही. मी पुन्हा लिहिणार आहे.

बाबा, मला पेटीवर पहिल्यांदा बसवलंत तेव्हा विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्ट सांगायचात. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, मग मिरजेला गाणं शिकायला गेले. अंधानं गावं हे लोकांना केव्हाच पटलंय, हाती पेटी दिली की सगळे कौतुक करतात. पण त्याच अंधानं दुसऱ्याचं गाणं रेकॉर्ड करावं, कापावं, जुळवावं, म्हटलं की विचारतात, "सोबत कोण आहे?" तू विचारलंस ते काळजीनं, आई, ते मला कळतं. पण रेकॉर्डिंगला येणाऱ्या लोकांना मी हेच उत्तर रोज देते, आणि माझ्या घरात तरी ते पटावं असं मला फार वाटतं.

शनिवारी गणेशपेठेहून सकाळच्या एसटीनं निघते. लॅपटॉप आणि माइक आणते आहे. रविवारी पहाटे, मोटर सुरू व्हायच्या आधी, ओसाऱ्यात बसून आईच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायच्या. जातं धुऊन ठेवा, खरं पीठ दळू, नुसतं फिरवून तो आवाज येत नाही. आई, रेकॉर्डची कळ तू दाबायची. एफच्या कळीवर एक बारीक उंचवटा आहे, त्यावर बोट ठेव आणि किंचित डावीकडे वर सरकव, तिथे आर. मी शेजारी बसून सांगेन.

आजीच्या आवाजाची कॅसेट कपाटात आहे ना, ती तोवर वाजवू नका. टेपचा पट्टा सैल झालाय, फीत ओढून घेईल. मी नवा पट्टा आणते.

तुमचीच,
छकुली