वारकऱ्यांचा ‘फड’ उसना घेतलेला नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील वारीच्या शब्दांवरील लेखात ‘फड’ हा शब्द वारकऱ्यांनी तमाशाकडून उचलला, असे ठामपणे लिहिले आहे. ते वाचून मनस्वी खेद झाला. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात लोकांनी जमून कामकाज करण्याची जागा, मग ती कचेरी असो की बाजारपेठ, असा या शब्दाचा अर्थ आहे, आणि पेशव्यांच्या हुजूर दप्तरातही, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती कचेरीतही, ‘फड’ नावाचा विभाग होता. जागेचे हे नाव पुढे तिथे जमणाऱ्या माणसांना लागले. तमाशाचा फड आणि कीर्तनाचा फड ही एकाच घरची भावंडे आहेत, त्यांत देणेकरी-घेणेकरी कोणी नाही.

वारकऱ्यांत तर त्याला नेमका अर्थ आहे. ज्या महाराजांच्या हातून माळ घातली, त्यांच्या परंपरेचा तो फड: वासकरांचा, देहूकरांचा, शिरवळकरांचा, आजरेकरांचा. एका फडात अनेक दिंड्या असतात आणि कीर्तन कोणाचे, जागर कोणाचा, हे फडाच्या शिस्तीने ठरते.

गेल्या आषाढीपूर्वी आमच्या दिंडीच्या मुक्कामासाठी एका कार्यालयात अर्ज दिला, तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने ‘फड’ या शब्दावर लाल शाईने रेघ ओढून ‘तमाशाची परवानगी शेजारच्या टेबलावर’ असे सर्वांसमक्ष सुनावले. सोबत आमचे वृद्ध विणेकरी, म्हणजे दिंडीची वीणा गळ्यात वागवणारे वारकरी, होते. पहाऱ्यावर, म्हणजे वीणा सांभाळण्याच्या आपल्या पाळीवर, असताना ज्यांनी वीणा कधी जमिनीला टेकू दिली नाही, ते गृहस्थ मान खाली घालून उभे राहिले. शेवटी ‘भजनी मंडळ’ असे लिहून द्यावे लागले आणि सरकारी नोंदीत आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा फड आता मंडळ झाला आहे. आपल्यासारख्या जबाबदार दैनिकात असा लेख आला की त्या लाल रेघेला आधार मिळतो, याचा मला अधिक संताप आहे.

लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘तंबोरा वाजवणारा वारकरी’ असे छापले आहे, तेही चुकीचे आहे. ते विणेकरी आहेत. पहारा बदलताना वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. आपल्या छायाचित्रात नेमका तोच क्षण टिपला आहे.

दोन्ही दुरुस्त्या लेख आला त्याच पानावर, ठळकपणे छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक फडकरी वारकरी, फलटण